माझ्या वाट्याचं दूध

सोमवार

छकुले, हे माझं पहिलं पान. तू सांगितलंस तसं माइकच्या चित्रावर बोट दाबलंय आणि बोलतेय, आणि खरंच ग, काचेवर अक्षरं मुंग्यांसारखी रांगेत निघालीयत. मी त्यातल्या एकालाही ओळखत नाही, तीही मला ओळखत नाहीत, म्हणजे फिट्टंफाट. जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून चिडवलंत सगळ्यांनी. घ्या आता, आजी रोजनिशी लिहितेय! खोकला आला तर यंत्र तोही लिहितं का? लिहीत असेल तर वाचताना गाळ.

पोचले बाई सुखरूप. विमानातून उतरल्यावर मला चाकांच्या खुर्चीत घातलं. मी म्हटलं, अरे, पाय आहेत मला, पण ढकलणाऱ्याला माझी भाषा कुठली कळायला? मग म्हटलं जाऊ दे, लग्नातही एवढी मिरवणूक निघाली नव्हती. तुझा मामा बाहेर उभा होता. पोट सुटलंय, केस गेलेत, पण आई म्हणून हाक मारली आणि घळाघळा रडला. मग मीही थोडी रडले, नाहीतर वाईट दिसलं असतं.

घर झकास आहे. वरचा मजला. खाली पायाला मऊ गालिचा, दारं मिटताना चूं नाही की चां नाही. मला रस्त्याकडची खोली दिलीय. पलंग असा उंच की चढायला घोड्यावरची सवय हवी. सूनबाई गोड बोलते. ती म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत कामाला आहे, त्यांना भरवणं, पुसणं, झोपवणं. निळा सदरा घालून जाते. म्हणाली, आई, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त आराम. तुझ्या आईने इतकी वर्षं सांभाळलं, आता मामाची पाळी. आणि ही तर शिकलेली सांभाळणारी! नशीब काढलं तुझ्या आजीने.

मागच्या खोलीत सूनबाईची आई असते, माझी विहीणबाई. माझ्या आधीपासून आलेली आहे. भेटायला निघाले तर सूनबाई म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय तिचा, उद्या भेटा. लग्नात मानपानावरून माझ्याशी कडाकडा भांडली होती ती. म्हटलं बघू, एवढ्या वर्षांत वितळलीय का.

मंगळवार

आजचं पान छोटं, कारण आज मी काहीच पाहिलं नाही. सकाळी सूनबाईने कपभर दूध दिलं, साखर घालून. दूध मला आवडत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण पहिल्या दिवशी सुनेच्या हातचं नाही कसं म्हणायचं? नाक मुरडत प्यायले. ती दोघं कामावर गेली, मी जरा आडवी झाले, आणि उठले तेव्हा दिवे लागले होते! मामा हसला. म्हणाला, प्रवासाचा शीण आहे. मी म्हटलं, शीण मला होता की विमानाला?

गुरुवार

तीच गत. काल झोपले, आज झोपले. दुपार कशी असते ते या देशात अजून पाहिलंच नाही मी. तोंड सुकतं, जीभ जड होते, उठल्यावर भिंत धरावी लागते. हा शीण आहे की जावई, जाता जाईना?

सकाळी दूध यायच्या आधी खिडकीत बसले होते. समोरच्या घरात, आपल्याच उंचीवर, एक म्हातारा बसतो. इथलाच आहे, गोरापान, मांडीवर चौकड्यांची शाल. त्याला निळ्या सदऱ्यातली एक बाई आणून बसवते आणि निघून जाते. मी हात हलवला. त्यानेही हलवला. मी जीभ काढून दाखवली. तो असा हसला म्हणतेस! चला, एक ओळख झाली, आणि तुझ्या आजोबांच्या परवानगीशिवाय.

विहीणबाई अजून दिसली नाही. जेव्हा विचारावं तेव्हा झोपलेली. उद्यापासून ते दूध तिला नेऊन देणार आहे. तिला आवडतं दूध. लग्नात बासुंदीचं पातेलं तिनेच रिकामं केलं होतं. माझी सुटका, तिचं पोषण, आणि भेटीला निमित्तही झालं.

शुक्रवार

छकुले, आज सगळं सांगते, नीट ऐक.

सकाळी सूनबाईने कप दिला तेव्हा मी म्हटलं, गरम आहे ग, पिते सावकाश. ती घाईत होती, गेली. मग कप घेऊन मागच्या खोलीकडे गेले. दाराला बाहेरून कडी. कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी. मी काढली.

आधी वास आला. मग अंधारात डोळे सरावले तेव्हा पलंगावर काहीतरी दिसलं. मला वाटलं कपड्यांचं बोचकं. बोचक्याने डोळे उघडले.

ती विहीणबाई होती. भांडायला पदर खोचून उभी राहायची ती बाई आता एवढीशी झालीय, तळहातावर मावेल अशी. नखं वाढून आत वळलीयत. केसांची जट. खालचं अंथरूण ओलं, आणि ते आजचं ओलं नव्हतं. तोंडात दात नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही. तिने मला ओळखायला वेळ घेतला. मग पुटपुटली, आलात का, मानपान घ्यायला? मी म्हटलं, हो, राहिलेला शालू द्या. हसली ग. हिरड्या दिसल्या नुसत्या.

मी तिला पुसलं, अंथरूण बदललं, केसांतून बोटं फिरवली. कंबरेखाली जखम आहे, बघवली नाही. तिच्या उशाशी तिचा कप रिकामा पडला होता. तिने माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी दिला. घटाघटा प्यायली.

आज मी दिवसभर जागी आहे. शीण गेला वाटतं. आणि एक गोष्ट कळली. घराचं दारही बाहेरून बंद आहे.

रविवार

काल, आज मामा घरी. सुट्टीच्या दिवशी दूध मिळत नाही. मला वाटलं, दूधवालाही सुट्टीवर.

काल जखमेचं मामाकडे काढलं. तो खाली मान घालून जेवत होता. म्हणाला, आई, तिला त्यातलं कळतं, तिचं कामच ते आहे, तू त्या खोलीत जाऊ नकोस. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. जेवण झाल्यावर त्याने माझा फोन मागितला, काहीतरी केलं आणि परत दिला. तेव्हापासून तुझा फोन येत नाही. पान पाठवायचा बाण दाबते मी रोज, तू शिकवलास तसा. अक्षरं उमटतात. ती तुझ्यापर्यंत येतात की इथेच पडून राहतात, देव जाणे.

मंगळवार

सूनबाई कामावर गेली की मी कडी काढते. आमचा आता तोच धंदा झालाय. मी जाते, ती हात पुढे करते, मी दूध देते, मग तिला पुसते, भिजवलेली बिस्किटं भरवते. मी म्हटलं, विहीणबाई, खादाडपणा गेला नाही तुमचा. ती म्हणाली, तुम्ही देताय म्हणून घेते, नाहीतर पुन्हा म्हणाल पाहुणचार मानला नाही.

आधी दुपारी उठून बोलायची थोडी. आज दुपारी उठलीच नाही. घोरणं वेगळं आहे तिचं. मध्येच थांबतं, आणि मी श्वास धरून बसते, आणि मग एकदम सुरू होतं.

बुधवार

आज थोबाडीत मारली मी तिच्या. हळू नाही. डोळे उघडेचनात म्हणून. उघडले, पण बुबुळं कुठेतरी वर. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, लग्नातलं उट्टं काढलंत. मी हसले, आणि हसता हसता दात वाजायला लागले माझे.

मला वाटतंय तिला काहीतरी मोठा आजार आहे. सूनबाईला सांगितलं, डॉक्टर आण. तिने विचारलं, आई, तुम्ही दुपारी झोपत नाही का?

साधाच प्रश्न. पण मी म्हटलं, झोपते ग, मेल्यासारखी झोपते. खोटं का बोलले ते मलाच कळलं नाही.

शुक्रवार

छकुले, बोलते भराभर.

सकाळी विहीणबाई टक्क जागी होती. तिचा कप पिऊन झाला होता, माझा दिला, तोही संपवला. आणि मग ओठ पुसून म्हणाली, आता माझ्याजवळ वेळ थोडा आहे, मधे बोलू नका, एकदा तरी माझं ऐकून घ्या.

दुधात औषध असतं. झोपेचं. तिच्या लेकीच्या संस्थेत ढीगभर म्हाताऱ्यांमागे एक बाई असते, म्हणून तिथे सकाळीच दुधातून देतात. मग कोणी उठत नाही, पडत नाही, रडत नाही. घरीही तोच कायदा. तिने आधी थुंकून पाहिलं, भांडून पाहिलं. लेक म्हणाली, मी तुझ्या भल्यासाठी करते, तू एकटी पडलीस झडलीस तर? वाईट नाही हो पोरगी, म्हणाली, दमलेली आहे फक्त.

मी म्हटलं, मग माझं का प्यायलात? मी देत होते, मूर्ख, रोज देत होते, तुम्ही का घेत होतात?

म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी पोराला जाब विचारला असतात. तुमचं तोंड म्हणजे उघडी मोरी. त्यांनी उभं राहून पाजलं असतं मग. माझं काय, मी उठून कुठे जाणार? तुमचे पाय चालतात. एकीला जागं ठेवायचं होतं. आणि खरं सांगू, मलाही झोपच हवी होती.

मी बोटं घातली तिच्या घशात. ओकायला लावत होते, ओकेना. माझा हात धरून ठेवला तिने. जा, म्हणाली. मग झोपली.

शुक्रवारच, दुपार

घोरणं थांबलंय. पुन्हा सुरू होत नाहीये.

दार ठोठावलं, मुठी सुजल्या. खिडकी बोटभरच उघडते. खाली एक बाई कुत्रं फिरवत होती, कानात ती गाण्याची बोंडं घातलेली. मी काचेवर हात आपटले, ओरडले. तिने वर पाहिलं. हसली. हात हलवून गेली.

समोरचा म्हातारा बघत होता. मी त्याला खुणा केल्या. झोप, मान टाकली, माणूस मेलं, फोन कर, कोणाला तरी बोलाव! समजलं त्याला. तोंडावरचं हसू गळून पडलं. उठेल असं वाटलं मला.

मग त्याने मांडीवरची शाल बाजूला केली.

कमरेला पट्टा आहे ग. खुर्चीला बांधलेला. रुंद, काळा. तो मला दाखवत होता. कितीतरी वेळ दाखवत होता.

शनिवार

नेलं तिला. सूनबाई खरंच रडली. ऊर बडवून रडली. मी एवढं केलं, एवढं केलं म्हणत होती.

डॉक्टर आला. तरुण पोर. मी त्याच्यासमोर उभी राहिले. माझं तोंड म्हणजे मोरी, विहीणबाई म्हणाली तेच खरं, नाही राहवलं मला. दूध म्हटलं, कप दाखवला, झोपेची खूण केली, सूनबाईकडे बोट दाखवलं. आणि माझ्याकडेही दाखवलं, कारण पाजलं तर मीच ना? माझ्याच हाताने, गोड बोलून.

तुझ्या मामाने सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरला त्याच्या भाषेत सांगितलं. हळू आवाजात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला एक शब्द कळला नाही. पण डॉक्टरचा चेहरा कळला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पिसाट गायीकडे बघतो, लांबून, कीव करत. माझा हात थोपटला. एक चिठ्ठी लिहून दिली.

त्या भाषेत मी वेडी आहे, छकुले. आणि मला दुसरी भाषा येत नाही.

सोमवार

मागच्या खोलीत आणलं मला. म्हणे रस्त्याकडे आवाज फार, तुम्हाला त्रास होतो. गादी उलटी करून घातलीय. उलट्या बाजूनेही वास येतोय तिचा.

माझा चष्मा दुरुस्तीला नेला. मोडला नव्हता.

सकाळी सूनबाई कप घेऊन बसली. जाईना. मी म्हटलं, गरम आहे. तिने फुंकर घातली. फुंकर घालत राहिली, डोळे माझ्यावर, लहान पोरापुढे बसतात तशी. प्यायले. काय करू, प्यायले.

आत्ता जीभ जड—

मंगळवार असेल

आज गालात धरलं. ती वळल्यावर उशीत थुंकले. थोडं गेलंच पोटात. जागी आहे. अर्धी.

कडी बाहेरून. या बाजूने कडी नसते हे मला आधी का नाही सुचलं. मी काढायची तेव्हा किती सोपं होतं.

फोन उशीच्या अभ्र्यात आहे. बोलते तेही हळूच. छकुले, येत असेल हे तुला तर ये. आईला घेऊन ये. कोणालातरी घेऊन ये ज्याला इथलं बोलता येतं. भांडायला नको. फक्त दार उघडायला ये.

वार माहीत नाही

उशीला वास सुटलाय. आंबट. तिला कळेल. कळणारच. नाक तिखट आहे मेलीचं.

मी विहीणबाईशी बोलते. ती उत्तर देते. काय म्हणते ते सांगत नाही, तुला भीती वाटेल.

तिची नखं सापडली, पलंगाच्या फळीत. तिने फळीवर ओरखडे काढलेयत खालच्या बाजूने. माझं बोट बरोबर बसतं त्यांच्यात.

सकाळ

उशी नेली. फोन वाचला, अंगाखाली होता. तिने उशी हातात धरून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. बाहेर दोघं बोलतायत. तिचा आवाज थकलेला. तुमची आई, तुम्ही पाजा, असं म्हणाली बहुतेक. मी दमले, म्हणाली. खरंच दमलीय ग ती. तेच जास्त—

पावलं. गालिच्यावर ऐकू येत नाहीत पण फळी दबते.

मामा आहे. कप त्याच्या हातात. फोन पांघरुणात आहे, चालू आहे, छकुले, ऐक—

आई म्हणतोय. गोड आवाजात. लहानपणी हा दूध पीत नसे, पळायचा घरभर. मी धरून मांडीवर घ्यायची, नाक दाबायची, नाक दाबलं की तोंड—

नाही म्हटलं मी. ओठ घट्ट धरलेत, बोलण्यापुरतेच उघडे—

डोकं मांडीवर घेतलंय त्याने. रडतोय. माझ्या कपाळावर पडतंय, गरम. हात नाकाकडे—

अरे, मी आहे, बघ ना, मी तुझी—

आ कर, म्हणतोय. आ कर, आई, आ—